जुन्या फियाटचे स्विच फेकू नका, उघडून साफ करा

ज्यांच्याकडे अजून फियाट आहे, म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी, त्यांना हे माहितीच असेल, हेडलाइट पिवळट लागतात, डिपर दोन-तीनदा मारल्यावर कुठे एकदा लागतो, इंडिकेटर मूड असेल तेव्हा चालतो. मग कोणीतरी सांगतं बॅटरी बदला, कोणी म्हणतं सगळं वायरिंगच नवीन टाका. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी स्विच बघा, आणि नुसता वरून स्प्रे मारून सोडू नका, उघडा.

कारण साधं आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नसायचा, सगळा करंट थेट स्विचमधून जायचा. ४५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९० वॅट, १२ व्होल्टला साडेसात अँपिअर. आता स्विचच्या आत काळा-हिरवा थर बसून ०.२ ओहमचा जरी अडथळा झाला तरी दीड व्होल्टच्या आसपास तिथेच जातो, आणि दहा-अकरा वॅटची उष्णता त्या एवढ्याशा डबीत तयार होते. म्हणूनच स्विच हाताला गरम लागतो. आणि साध्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो, दीड व्होल्ट म्हणजे तर त्याहून जास्तच. नवीन बॅटरी टाकून यात काय फरक पडणार?

उघडण्याआधी एक टेस्ट करा, हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि एक पिन स्विचच्या आत येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बाहेर जाणाऱ्या टर्मिनलला. ०.१-०.२ व्होल्टच्या आत असेल तर स्विचला हात लावू नका, दोष पुढे आहे, बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे बल्बची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तिथे. अर्धा व्होल्ट किंवा त्याच्या वर दिसला तर स्विच काढायचा, अर्थात बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवून आणि वायरींचा फोटो काढून, कारण इतक्या वर्षांत वायरींचे रंग ओळखू येत नाहीत.

हे स्विच पत्र्याच्या चिमट्यांनी बंद केलेले असतात, त्या अगदी हळू आणि लागेल तेवढ्याच उचला, परत परत वाकवल्या की तुटतात. आणि उघडताना स्विच पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरा, आत स्प्रिंगवर बसलेला बारीक छर्रा असतो तो उडाला की गाडीखाली शोधत बसा.

आत जे दिसतं ते पितळेचं भांडं कळकल्यासारखं असतं, हिरवा थर, त्यावर जुनं सुकून काळं डांबर झालेलं ग्रीस. समुद्राकाठच्या गाड्यांना, मुंबई काय कोकण काय, खाऱ्या हवेमुळे हे जास्तच. आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाईल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं) आणि जुना टूथब्रश, एवढ्याने बरंच निघतं. राहिलेलं साध्या खोडरबरने. पॉलिश पेपर नको, काही कॉन्टॅक्टवर (जिथे धातू धातूला टेकून करंट जातो ती जागा) चांदीचा पातळ मुलामा असतो तो गेला की संपलं. चिंच-लिंबू पण नको, रिव्हेटच्या फटीत आंबट राहतं आणि पुन्हा हिरवं होतं. थिनरने प्लॅस्टिकचे भाग खराब होतात. कॉन्टॅक्टवर दाबून बसणाऱ्या पितळी पत्तीची स्प्रिंग ढिली पडली असेल तर अगदी किंचित वाकवून ताण परत आणा, नुसत्या चकचकीत कॉन्टॅक्टचा उपयोग नाही, दाब पण लागतो.

आता ग्रीस, इथेच बहुतेक लोक घोळ घालतात. छर्रा, स्प्रिंग, दांडीचा सांधा, म्हणजे जिथे फक्त घासाघीस आहे आणि करंट नाही, तिथे पांढरं लिथियम ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल इतकं. जिथे पत्ती कॉन्टॅक्टवरून सरकते तिथे व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. व्हॅसलिनमधून करंट जात नाही हे खरं, पण पत्तीच्या दाबाने ते मधून बाजूला होतं, धातूला धातू लागतो, आणि आजूबाजूला राहिलेलं हवा-ओल थांबवतं. सिलिकॉन ग्रीस मात्र अशा कॉन्टॅक्टवर नको, कारण उघडताना-मिटताना ठिणगी पडते आणि त्या उष्णतेत सिलिकॉनचं सिलिका होतं, काचेसारखा थर, करंट बंद. जे कॉन्टॅक्ट नुसते टेकतात आणि सुटतात ते कोरडेच ठेवा. चावीच्या कुलपात ग्रॅफाइट पावडर चालते पण अगदी चिमूटभर, ग्रॅफाइटमधून करंट जातो आणि ती मागच्या स्विचमध्ये सांडलेली परवडणार नाही. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, अडकलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण स्विचमध्ये मारलं की तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

एवढा खटाटोप का, नवीन घ्या ना, असं म्हणणारे भेटतात. पण पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही थांबल्या, म्हणजे स्पेअरचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. हाताशी असलेला मूळ स्विच जाड पितळेचा आहे, उघडता येतो, पुन्हा बंद करता येतो, तो जपलाच पाहिजे.

स्विच परत बसवल्यावर तीच व्होल्टची टेस्ट पुन्हा करा, आणि जमलं तर हेडलाइटला दोन रिले टाका, एक हाय बीमला एक लो बीमला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, ८५-८६ वर स्विचकडची वायर आणि अर्थ, ३० वर फ्यूज टाकून बॅटरीची जाड वायर, ८७ वरून बल्बला. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्धा अँपिअरसुद्धा नाही, आणि मूळ वायरिंग न कापता हे सगळं होतं.