तुम्ही विचारलंत म्हणून: डायनमो काढून अल्टरनेटर बसवू का?

जुनी अँबॅसिडर घेतलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. दोन्हींचं काम एकच, इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करायची आणि बॅटरी चार्ज करायची; डायनमो जुन्या धाटणीचा, अल्टरनेटर नव्या. माझं उत्तर असं की गाडी रोज रस्त्यावर काढणार असाल तर जरूर बसवा. वर्षातून दोन-तीनदा सकाळच्या रॅलीला काढणार असाल, तर धडधाकट डायनमोला हात लावू नका.

माझी मार्क टू अँबॅसिडर रोजच्या वापरातली आहे. पावसाळ्यात संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि वायपर चालू असताना सिग्नलला थांबलं की डायनमोच्या गाडीत अँपिअर मीटरचा काटा उणे बाजूला झुकतो, म्हणजे बॅटरी रिकामी होत असते. त्यात बिघाड काहीच नाही, डायनमोची घडणच तशी आहे. त्यात वीज आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या गुंडाळ्यांमध्ये, तयार होते आणि सगळीच्या सगळी कम्युटेटर (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी) आणि त्याला घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशमधून बाहेर काढावी लागते. फार वेगाने फिरवला तर आर्मेचर टिकत नाही, म्हणून पुली मोठी ठेवतात. मग आयडलिंगला तो इतका सावकाश फिरतो की त्याचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडतो आणि कटआउट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून तोडतो. तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर. दोन हेडलाइटच सात-आठ अँपिअर खातात. त्या काळच्या लुकास सी-४० डायनमोची क्षमता २२ अँपिअर, पण तीही इंजिन वेगात असेल तेव्हाच.

अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर गुंडाळ्यांमध्ये तयार होते. ब्रशमधून जातो तो फक्त रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चुंबकाला, लागणारा थोडासा करंट. त्यामुळे छोटी पुली लावून तो जोरात फिरवता येतो आणि गाडी उभी असतानाही चार्जिंग मिळतं.

पण आधी डायनमो तपासा, ही माझी कळकळीची विनंती आहे. 'डायनमो गेला' म्हणून काढलेल्या कितीतरी गाड्यांत खरा दोष झिजलेल्या ब्रशचा, ढिल्या फॅनबेल्टचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा असतो. डायनमोच्या दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ टर्मिनल एकमेकांना जोडा आणि मीटर त्या जोडापासून बॉडीला लावा. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला की व्होल्टेज सरळ चढत गेला पाहिजे. २० व्होल्टच्या वर नेऊ नका. काटा नीट चढला तर डायनमो ठणठणीत आहे. मग दोष कटआउटच्या डबीत किंवा वायरिंगमध्ये शोधा.

बदलायचंच ठरलं तर पहिल्यांदा बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांत प्लस अर्थ असे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. साधा अल्टरनेटर मायनस अर्थचा असतो; तो त्यावर जोडला की त्यातले डायोड (एसीचं डीसी करणारे भाग) त्याच क्षणी जळतात. ३५-४० अँपिअरचा अल्टरनेटर पुरे. त्याहून मोठा घेतला तर जुना ३० अँपिअरचा मीटर आणि त्यामागची बारीक वायर धोक्यात येते. मुख्य वायर नवी आणि जाड टाका, मध्ये फ्यूज द्या आणि बेल्ट दोन्ही पुलींवर एका रेषेत धावतो का ते पट्टी लावून पाहा.

मूळ वायरिंग मात्र कापू नका. माझ्या गाडीत कटआउटची डबी जागच्या जागी आहे, तिच्या वायरी टोकं बंद करून बांधल्या आहेत आणि डायनमो सर्व्हिस करून ठेवला आहे. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची झाली तर पाना-स्क्रूड्रायव्हरवर काम व्हावं. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेल्या नोंदणी नियमांतही गाडी मूळ रूपात राखलेली असण्याची अट आहे. चासी, बॉडी आणि इंजिनातले बदल त्यात चालत नाहीत. अल्टरनेटरचं नाव तिथे नसलं तरी मला त्या अटीमागची भावना पटते.

बसवल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. डायनमोच्या काळातली ती सवय अल्टरनेटरचे डायोड घालवते. आणि कधी चार्जिंग सुरूच झालं नाही, तर अल्टरनेटर खोलण्याआधी डॅशबोर्डवरचा इग्निशनचा लाल दिवा पेटतो का बघा. रोटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब गेलेला असला तर आधी तो बदला.