टाचेच्या टेंडनला हृदयाचा पॅच: माझा अनुभव

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्यांत अकिलीस टेंडनचं, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागाचं, दुखणं नवं नाही. माझ्या टाचेसाठी डॉक्टरांनी व्यायामाच्या जोडीला ग्लिसरिल ट्रायनायट्रेट या औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच लिहून दिला. औषध त्वचेतून आत गेलं की त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि टेंडनमधल्या पेशींना कोलॅजेन (टेंडनला बळकटी देणारं प्रथिन) बनवायला चालना देतो.

इथवर सगळं सुरळीत. अडलं ते साताऱ्यातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर. हा पॅच मुळात अंजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावरचा, त्यामुळे चिठ्ठीवर ‘पाव पॅच’ वाचून आधी "हार्टचा पेशंट कोण?" अशी विचारणा. मग हाती येईल तो पॅच पुढे सरकवून "घरी कापून घ्या". याचाच मला अजून राग येतो, कारण सगळे पॅच कापायचे नसतात. काहींत औषध पातळ जेलच्या पिशवीत असतं. तो कापला की जेल बाहेर येतं, एकदम जास्त औषध अंगात जातं आणि रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. औषध चिकट थरातच मिसळलेलं असेल, म्हणजे मॅट्रिक्स प्रकारचा पॅच असेल, तरच कात्री लावायची. पाकिटावर प्रकार लिहिलेला नसेल तर आतलं माहितीपत्रक मागा. तेही नसेल तर घेऊ नका, मागवून घ्या.

आकड्यांचाही घोळ होतो. पॅचमध्ये भरलेलं एकूण औषध वेगळं आणि २४ तासांत सुटणारं वेगळं. आपल्याला दुसरा आकडा बघायचा: २४ तासांत ५ मिलिग्रॅम सोडणाऱ्याचा पाव भाग, म्हणजे १.२५ मिलिग्रॅम. दुखऱ्या जागेवर कोरड्या त्वचेला लावायचा, रोज बदलायचा आणि जागा थोडी सरकवायची, नाहीतर पुरळ उठतं. डोकेदुखी सुरुवातीला अनेकांना होते. बहुतेकांची पुढे कमी होते.

सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा टॅडालाफिल या लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या पॅचला हातही लावू नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो. डॉक्टरांना हे लाज न बाळगता सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या २००४ च्या चाचणीत सहा महिन्यांनी पॅचवाल्यांचे ७८ टक्के टेंडन रोजच्या हालचालीत दुखेनासे झाले, नुसत्या व्यायामाच्या गटात ४९ टक्के. नंतरच्या काही चाचण्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून पायरीवर टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम मी पॅचपेक्षा वरचा मानतो: १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे.

काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका आणि हात धुवा. एमआरआय असेल तर आधी पॅच काढा, काही पॅचच्या मागच्या बाजूला धातूचा पापुद्रा असतो.