कोठीचं दार

निफाडहून नांदूरमध्यमेश्वरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि ऊस. घरं गावात कमी, मळ्यांत जास्त. एका बंगल्यापासून दुसऱ्या बंगल्यापर्यंत दोन-तीन शेतांचं अंतर, मध्ये उभा ऊस, आणि त्या उसात बिबट्या असतो हे इथल्या लहान पोरालाही माहीत. अशाच एका वस्तीवर मागच्या थंडीत मी एक काम केलं. २२ वर्षं बांधकामाचे ठेके घेतोय. बंगले, गोठे, बेदाण्याच्या शेड, सगळं बांधून झालं. पण एका दहा बाय बाराच्या खोलीनं माझी जितकी झोप घेतली, तितकी कुठल्या बंगल्यानं घेतली नाही.

फोन पुण्याहून आला, त्या घरच्या लेकीचा. शेजारच्या वस्तीवर रात्री दोनच्या सुमाराला चोर शिरले होते. म्हातारीच्या गळ्यातलं ओरबाडून नेलं, म्हाताऱ्याचा हात मोडला. "भाऊ, आप्पा-माई तिथून हलायला तयार नाहीत. निदान एक खोली अशी करून द्या, की मदत येईपर्यंत कुणाला आत शिरता येणार नाही."

मी आधी शेजारची वस्ती गाठली, ते फोडलेलं दार बघायला. दार जसंच्या तसं होतं. सागवानी, चांगलं दीड इंच जाडीचं, कुलूपही भारीतलं. फुटली होती ती चौकट. कुलपाचा खटका ज्या पट्टीत अडकतो ती पितळी पट्टी जमिनीवर पडलेली होती, आणि तिला लावलेले दोन स्क्रू माझ्या करंगळीच्या अर्ध्या पेराएवढे. लाथ बसते दाराला, पण तिचा सगळा भार येतो त्या दोन स्क्रूंवर. चौकट हलवून पाहिली तर तीही डुलत होती. चौकटीला भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट होते, पण काँक्रीटमध्ये गाडायच्या ऐवजी विटांचे तुकडे आणि पातळ माल भरून गवंड्यानं वरून प्लॅस्टर फिरवलं होतं. लोक दारावर चाळीस-चाळीस हजार घालतात आणि चौकट गवंड्याच्या मर्जीवर सोडतात. हे मी किती घरांत बघितलंय याची गणती नाही, आणि दर वेळी जीव तुटतो.

आप्पांना हे सांगितलं, तर ते काही न बोलता उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला, गावात जाऊन येऊ." गावातला त्यांचा जुना वाडा आता पडीक आहे. माळवद खचलंय, पण दर्शनी भिंत उभी आहे, तीन फूट रुंदीची. आप्पांनी दरवाजा लोटला, दाराच्या मागं भिंतीत हात घातला आणि आतून अडसर ओढून काढला. बाभळीचं चार बाय तीन इंचाचं लाकूड, साडेपाच फूट लांब. एका बाजूच्या भिंतीत तो आख्खा मावेल एवढी बोगद्यासारखी खोबण, समोरच्या भिंतीत वीतभर भोक. ओढला की दारामागून आडवा सरकतो आणि दोन्ही टोकांनी भिंतीत बसतो. ना स्क्रू, ना खिळा. दाराला धडक दिली तर ती सरळ तीन फुटी भिंतीला जाते. मधोमध, जिथं पिढ्यान्‌पिढ्या हात लागले, तिथं लाकूड शिसवीसारखं काळं आणि गुळगुळीत झालेलं.

"आमच्या आजोबांच्या वेळचा," आप्पा म्हणाले. "दिवेलागणीला लागायचा, पहाटे निघायचा."

तिथंच माझं ठरलं. कुलपांचे कॅटलॉग मिटले. भार भिंतीला द्यायचा, बाकी सगळं त्यामागून.

खोली कुठली, यावर मात्र घोळ झाला. लेकीचं म्हणणं, आप्पा-माईंची निजायची खोली. मलाही तेच सोयीचं वाटत होतं. भिंती नऊ इंची, वर स्लॅब, आतच संडास-बाथरूम. रात्री उठून कुठं पळायला नको. नकाशा काढला, लेकीला मोबाइलवर पाठवला, तिनं होकार दिला. माईंना दाखवला तेव्हा त्यांनी तो नीट बघितला आणि विचारलं, "आणि रखमाची पोरं?"

गोठ्याला लागून सालदाराची पत्र्याची खोली आहे. नवराबायको सुरगाण्याकडची, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. (रखमा हे नाव बदललंय.) माई म्हणाल्या, "रात्री कुत्रं भुंकलं की आधी रखमा उठती, मग आम्ही. चोर आले तर पहिले तिच्या दाराशी येतील. आम्ही लोखंडी दार लावून आत बसायचं आन्‌ ती पोरं पत्र्याखाली? मला न्हाई जमायचं ते."

मी फोन लावून दिला. लेक आईशी अर्धा तास बोलली, मग माझ्याशी. ती वाईट नाही, घाबरलेली होती. खोलीत जितकी माणसं जास्त, तितका धोका जास्त, असं तिला वाटत होतं. मला माईंचं पटलं होतं, पण नुसतं माणुसकीच्या अंगानं नव्हे. सुरक्षित खोलीला एकच वाट असेल तर आगीत ती सापळा होते, हे मला पहिल्यापासून खुपत होतं. दुसरं दार हवंच होतं. आणि घरात एकच खोली अशी होती जिला आतून स्वयंपाकघराचं आणि मागून अंगणाचं अशी दोन दारं होती: धान्याची कोठी. रखमाच्या दारापासून मोजली तर १८ पावलं. आप्पांच्या पलंगापासून २३.

काम पाच आठवडे चाललं. आतल्या दाराची चौकट काढून भिंतीच्या आतल्या तोंडाला घेतली, होल्डफास्ट काँक्रीटमध्ये गाडले, पल्ला भरीव फ्लशचा. नऊ इंची भिंतीत वाड्यासारखी लांब खोबण कोरता येत नाही, भिंतच कमजोर होते. म्हणून सहा मिलिमीटरच्या पट्टीचे पाळणे वाकवून भिंतीला आतून लावले, त्यांचे बोल्ट भिंतीतून आरपार नेले आणि पलीकडून दुसरी पट्टी देऊन आवळले. त्या पाळण्यांतून अडसर सरकतो. मी चौकोनी पाइप आणला होता. आप्पांनी वाड्यातला अडसर आणून पुढ्यात ठेवला. वाळवी नाही, भेग नाही, ठोकला तर घंटेसारखा आवाज. तोच बसवला, एक सूतही कापला नाही. अंगणाच्या बाजूला लोखंडी दार, अँगलची चौकट. ते बाहेर उघडतं, म्हणून बिजागऱ्यांच्या अंगालाही आत शिरणाऱ्या खुंट्या दिल्या. बिजागरी कापली तरी पल्ला निघत नाही. या दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप मुद्दाम ठेवलं. सत्तरी उलटलेली माणसं आहेत, आत कुणाला भोवळ आली तर बाहेरच्यानं काय करायचं? खिडकीला बारा मिलिमीटरच्या चौकोनी सळ्या, वर जाळीचा झरोका, चार्जरवर कायम लावलेला एक साधा मोबाइल. रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मिळते, म्हणून फोनची फळी तिथंच. फळीवर मोठ्या अक्षरांत ११२ आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेचा नंबर. आमच्या भागात ही यंत्रणा फार कामाची आहे. त्या एका नंबरवर बोललं की नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर तुमचाच आवाज जातो. पोलीस पोचायच्या आधी आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बॅटऱ्या घेऊन निघालेली असतात.

रंग वाळला, मी चार दिवस दुसऱ्या साइटवर गेलो. ठरलं होतं की शनिवारी रात्री रंगीत तालीम करायची. दिवे घालवून, सगळ्यांना अंथरुणातून उठवून, दोन्ही दारं लावून आत अर्धा तास बसायचं. सहाही जणांनी.

शनिवारी दुपारी चारला मी पोचलो. तालमीआधी सगळं एकदा तपासावं म्हणून अंगणातलं लोखंडी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकलो. वास. उग्र लसणासारखा, त्यात सडक्या मासळीची झाक. डोळे अंधाराला सरावले तशा भिंतीलगत पत्र्याच्या चार कोठ्या दिसल्या. मी मागं सरलो. "माई, बाजरीत काय घातलंय?"

"गोळ्या. परवाच घातल्या. काम झालं म्हणून दाणं परत आत आणलं."

माझे पाय गळाले. धान्यातल्या त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम वायू. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत या गोळ्या ठेवून शेजारी झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपल्याकडे येतच असतात. आणि आम्ही काही तासांनी त्याच खोलीत, मीच घट्ट बसवलेली दारं लावून, दोन लेकरांना घेऊन बसणार होतो. माईंची यात काही चूक नव्हती. ती खोली चाळीस वर्षं धान्याचीच होती. खोली ताब्यात देताना "आता यात धान्य नको" हे एक वाक्य मी बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. कुलूप, बोल्ट, सळ्या, सगळं तपासलं आणि आत श्वास कसला घेणार हे तपासलं नाही.

दोन्ही दारं आणि खिडकी सताड उघडली, सगळ्यांना समोरच्या ओट्यावर पाठवलं. रखमाचा नवरा तोंडाला फडकं बांधून कोठ्या उचलायला निघाला. त्याला हाताला धरून थांबवलं. फडक्यानं हा वायू अडत नाही. दोन दिवस कुणी तिकडं फिरकलं नाही. वास पूर्ण गेल्यावर कोठ्या बेदाण्याच्या शेडमध्ये गेल्या, जिथं रात्री कुणी निजत नाही. उरलेल्या गोळ्यांचा डबाही घराबाहेर गेला. मग मी झरोका दुप्पट मोठा केला आणि खाली जमिनीलगत दुसरा पाडला, जाळी आणि सळ्या लावून. हा खर्च मी बिलात धरला नाही.

तालीम पुढच्या बुधवारी झाली. रात्री अकराला मी मेन स्विच पाडला आणि अंगणात उभा राहून घड्याळ लावलं. पहिल्या खेपेला चार मिनिटं दहा सेकंद. आप्पा कानाचं यंत्र शोधत राहिले, माई गॅस बंद आहे का बघायला वळल्या, रखमा धाकट्याला उचलून आली पण थोरली झोपेत उलट्या बाजूला, गोठ्याकडे चालायला लागली. आम्ही कानाच्या यंत्राला उशीजवळ खिळ्यावर जागा केली, गॅस झोपतानाच बंद करायचा ठरवलं. दुसऱ्या खेपेला दोन मिनिटं पस्तीस.

अडथळा राहिला तो अडसराचा. माईंच्या सांध्यांना सूज असते, त्यांच्यानं तो एका दमात सरकेना, आणि आप्पा पोचतात सगळ्यांच्या शेवटी. मी पाळण्यांना मेण चोळत होतो, तेवढ्यात रखमाची थोरली पुढं आली. दोन्ही तळवे लाकडाच्या टोकाला टेकवले, पाय मागं रोवले आणि ढकललं. अडसर सरकला आणि पलीकडच्या पाळण्यात ठक्क करून बसला.

"हे काम हिचं," आप्पा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला एक मिनिट पन्नास. आत मी नव्हतो, अंगणात होतो. लोखंडी दाराला कान लावला तर आतून माईंचा मोजण्याचा आवाज येत होता. दोन, तीन, चार, पाच, सहा. मग खिडकीच्या कोपऱ्यातून फोन लागला आणि माझा मोबाइल वाजला.

किल्लीचं राहिलं होतं. लोखंडी दाराच्या तीन किल्ल्या होत्या. एक पुण्याला लेकीकडे, एक आप्पांच्या जानव्याला. तिसरी कुणाकडे, यावर लेक फोनवर म्हणाली की शेजारच्या वस्तीवर द्या, सालदाराकडे नको, माणसं वर्षाला बदलतात. मी माईंकडे बघितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, "बरं बाई, बघते" म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग रखमाला हाक मारली, तिच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि किल्ली त्यात घालून गाठ मारली. एकदा मारली, ओढून पाहिली, आणि वर दुसरी मारली.