आहुप्याच्या देवराईत कॅमेरा

रविवार, कार्तिक

डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं आलेला रस्ता आहुप्यात संपतो. पुढं कडा आणि कड्याखाली कोकण. बहुतेक गाड्या तिकडेच जातात, त्यामुळे देवराईत, देवाच्या नावानं राखलेल्या या रानात, मी एकटाच होतो. भैरवनाथाला नमस्कार केला, पायातलं बाहेर काढून ठेवलं आणि आत शिरलो.

उन्हातून आत आल्यावर डोळे हळूहळू सरावतात, कॅमेरा मात्र काही केल्या सरावत नाही. पानांतून उतरलेले कवडसे पांढरेफटक येतात नि बुंधे काळेठिक्कर. ढग येईपर्यंत बसून राहणं हाच उपाय. ढग आला की लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर हळूहळू फिरवायचा. पानांवरची चकाकी उतरते आणि रंग भरून येतो. वाइड अँगल लेन्सची इथं मला चीडच येते. सगळी झाडं मध्याकडं झुकलेली दिसतात आणि त्यांची उंची निम्म्यावर येते.

म्हणून बराच वेळ गारंबीपाशीच काढला. हिला वेल म्हणायचं तरी कसं? मांडीएवढा जाड पीळ जमिनीवर वेटोळं घालून अंजनावर चढलाय आणि तिथून जांभळावर गेलाय. शेंडा काही सापडला नाही. पिळाच्या खाचेत ओलं शेवाळ, त्यात चिमूटभर माती, आणि त्या मातीत नेच्याचं नखाएवढं रोप. ट्रायपॉड जमिनीला टेकवून, सेकंदभराचं एक्स्पोजर ठेवलं. जरा वारा सुटला की नेचा हलायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

पुढं एक मोठं झाड आडवं पडलेलं होतं. साल गळून गेलेली, बुंधा बोटानं भुगा होईल असा, आणि कडेनं अळंब्यांच्या पांढऱ्या पायऱ्या. मी वाकून फोटो काढतोय तेवढ्यात वाटेवरून एक आजोबा आले.

"त्याचा कशाला फोटू काढतोस रं?"

"कधी पडलं हो बाबा हे?"

"थोरल्या नातवाच्या बारशाला. लई पाऊस होता त्या साली."

नातू आता पुण्यात कामाला आहे म्हणे. म्हणजे इतकी वर्षं हे लाकूड इथंच कुजतंय. सकाळी गावाकडं येताना डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका भेटल्या होत्या. त्या मोळ्या पलीकडच्या उतारावरच्या. चुलीला लाकूड लागतंच, तरी हे हाताशी पडलेलं कुणी नेलं नाही. देवाचं ते देवाचं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, त्यात झाडांइतकीच ही राखणही होती. फोटोत मात्र फक्त कुजका ओंडका येतो. अशा फोटोंखाली 'अस्पर्श जंगल' असं लिहायची टूम आहे, ती मला मुळीच पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला आवरून धरणाऱ्या माणसांना त्यात जागाच उरत नाही.

परतताना फांदीच्या टोकाशी शेकरूचं काटक्यापानांचं घरटं दिसलं, मग झुबकेदार शेपटी, मग नुसता पानांचा सळसळाट. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली याच प्राण्यासाठी झालं, पण त्याला फोटोची हौस नसावी.

रात्री निवड केली. वाइड अँगलचे सगळे काढून टाकले, गारंबी ठेवली. ओंडक्याच्या फोटोखाली लिहिलं: 'आहुपे. थोरल्या नातवाच्या बारशाला पडलेलं झाड. जात ओळखता आली नाही.' शेकरूचा एकही फोटो धड नाही.