दोरीचं दुसरं टोक

फोटोफिनिशच्या खोलीत बसणाऱ्याला शर्यत दिसत नाही, शेवटची रेघ तेवढी दिसते. कॅमेरा त्या रेघेवरची अरुंद फट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा टिपतो आणि त्या चिरोट्या शेजारी शेजारी जोडून चित्र तयार करतो. म्हणजे चित्रात आडवं मोजायचं ते अंतर नाही, वेळ.

स्पर्धा एका दिवंगत धावपटूच्या स्मरणार्थ होत्या. उद्घाटनाच्या भाषणांत सरांची पदकं मोजून झाली. निवृत्तीनंतर आयुष्यभर ते दृष्टिहीन मुलामुलींचे गाईड म्हणून धावले, त्याला मिळालं एक वाक्य: 'समाजकार्याची आवड होती.' मला ते फार खटकलं. पण बोलणाऱ्यांना तरी माहिती मिळणार कुठून? आमच्या निकालपत्रकात गाईडचं नाव लिहायला रकानाच नव्हता.

दुपारी टी-११ गटाची, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या धावपटूंची, १०० मीटर. या गटात सगळे डोळ्यांवर पट्टी बांधूनच धावतात, म्हणजे कुणाला थोडंफार दिसत असलं तरी फायदा नाही. प्रत्येक जोडीला दोन लेन, त्यामुळे आठ लेनमध्ये चारच जोड्या. दोघांच्या हातांत एकच आखूड दोरी. गाईडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि खेळाडूच्या आधी रेघ ओलांडायची नाही.

सरांच्या हाताखाली तयार झालेली मुलगी पहिली आली. मैदान दणाणलं. मी कर्सर तिच्या छातीवर आणला (धड धरतात, डोकं, हात, पाय नाही), मग गाईडच्या. तो दोन शतांश सेकंद आधी होता.

आयोजकांपैकी एक जण आत आले. "आज सरांचा दिवस आहे हो. एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलात?" मी चित्र मुख्य पंचांकडे पाठवलं. जोडी बाद झाली.

थोड्या वेळाने ती गाईडला घेऊन आली. तक्रार नव्हती, तिला निकाल समजून घ्यायचा होता. मी चित्राची प्रत काढली, पेन दाबून दोन रेघा ओढल्या आणि तिचं बोट त्यांवर ठेवलं. "ही तुझी छाती. ही त्याची."

तिने बोट दोन-तीनदा मागेपुढे फिरवलं. मग गाईडला म्हणाली, "झुकलास ना तू?"

"आपोआप झालं गं. स्वतःच्या शर्यतीत झुकतो तसंच."

"सर मला 'झुक' म्हणून ओरडायचे आणि स्वतः ताठ राहायचे."

पोरगा गप्प झाला. धावपटूच्या अंगात मुरलेली असते ती शेवटची झेप. सरांची पदकंही तिच्यावरच आलेली असणार. ती सवय त्यांनी मोडली होती, हे एकाही भाषणात आलं नव्हतं.

संध्याकाळी निकालपत्रक टाईप करताना मी गाईडचा रकाना वाढवला. सगळ्या जोड्यांची नावं भरली. या जोडीचीही, दोघांची, आणि पुढे 'बाद'.