सायकलला डायनॅमोचा दिवा बसवताना

चाक फिरलं की वीज बनवणारा डायनॅमो टायरला घासणारा, बाटलीच्या आकाराचा घ्यायचा की पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच असलेला, इथून सुरुवात झाली. बाटलीवाला स्वस्त आणि असलेल्या चाकावर लगेच बसतो. पण ओल्या टायरवर त्याचा रोलर घसरतो, म्हणजे पावसाळी रात्री, ऐन गरजेच्या वेळी दिवा मिणमिणणार. शिवाय ती घरघर. हब डायनॅमोला पावसाचं काही नाही, आवाजही नाही. मात्र त्यासाठी चाक नव्याने बांधावं लागतं. मी शिमानो कंपनीचा हब घेतला. माझ्या रिमला 36 भोकं होती, म्हणून हबही 36 भोकांचाच पाहिला. जुने आरे चालले नाहीत, कारण डायनॅमो हबचा घेर मोठा आणि आरे आखूड लागतात. चाक बांधणं, औट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढणं ही कामं जाणत्या हातांकडे दिली.

दिवा निवडताना लक्सच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या आकड्यांनी डोकं खाल्लं. हा आकडा झोतातल्या सगळ्यात उजळ ठिकाणचा असतो. झोत रस्त्यावर कसा पसरतो, हे त्यातून कळत नाही. सायकलच्या दिव्यांबाबत जर्मनीचे नियम कडक आहेत. त्या नियमांत बसणाऱ्या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो, त्यामुळे उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. मी आकडा सोडला आणि झोत पाहून दिवा घेतला.

डायनॅमोवर 6 व्होल्ट, 3 वॅट असं लिहिलेलं असतं. ही ताकद ताशी 15 किलोमीटरच्या आसपास मिळते. वेग कितीही वाढवा, प्रवाह साधारण अर्ध्या अँपिअरपाशीच अडतो. बल्बच्या जमान्यात यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला आणि 0.6 मागच्याला जायचे. मागचा बल्ब उडाला की सगळा प्रवाह पुढच्यावर यायचा आणि वेगात असलात तर तोही जायचा. एलईडी दिव्यांनी ती कटकट संपवली. आत थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर सिग्नलला थांबल्यावरही दिवा काही मिनिटं मंद तेवत राहतो. मागच्या दिव्यात तरी ही सोय हवीच; अंधारात थांबलेली सायकल मागून येणाऱ्याला दिसत नाही.

खरा वेळ वायरिंगने खाल्ला. जुन्या सायकलींत एकच वायर असायची आणि परतीचा प्रवाह फ्रेममधून जायचा. रंगाचा थर, गंज, एखादा सैल नट, कशानेही दिवा जायचा. मी सरळ दोन तारांची वायर ओढली. तरी एक गोष्ट पाहावी लागते: शिमानोच्या हबमध्ये दोनपैकी एक टोक ॲक्सलला, म्हणजे चाकाच्या आसाला जोडलेलं असतं. दिव्याचंही एक टोक त्याच्या धातूच्या पट्टीला जोडलेलं असेल आणि तारा उलट लागल्या, तर फ्रेममधून शॉर्ट होऊन दिवा लागतच नाही. म्हणून कोणतं टोक कुठे जोडलंय ते आधी मल्टीमीटरने (वीज मोजायच्या यंत्राने) तपासलं, मगच तारा सोलून हबच्या प्लगच्या खाचांत वळवल्या.

वायर पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या उजव्या दांड्यावरून वर नेली. तिथून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं आणि ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. ती ढील ठेवायची, पण चाकात अडकेल इतकी नाही. मागच्या दिव्याची वायर पुढच्या दिव्यातूनच निघते, त्यामुळे बटण एकच. ती ब्रेकच्या केबलला झिप टायने बांधत मागच्या मडगार्डपर्यंत पोहोचवली. जोडांवर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी चढवली. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोका दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, आत जात नाही.

शेवटी झोत लावणं. सपाट जागी भिंतीसमोर सायकल धरली, दिव्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली आणि झोताची वरची कड रेघेच्या थोडी खाली येईपर्यंत दिवा वाकवला. स्क्रू आधी अर्धवटच आवळला. आपण सीटवर बसलो की सायकलचा कल जरासा बदलतो, म्हणून रस्त्यावर एक फेरी मारून झोत पुन्हा पाहिला, किंचित खाली घेतला आणि मग पक्का आवळला.