चड्डीवाला

रविवारी दुपारी भाच्यानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "मामा, हे बघ, तुझा तो चड्डीवाला."

स्मशान, वर चंद्र, थडग्यांमधून उगवणारी मढी आणि चिलखतातला आर्थर. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९८५ सालचा व्हिडिओ गेम, 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स'. कुणा हौशी माणसानं तो नव्यानं रंगवून फुकट वाटायला ठेवलाय. फुकट, कारण आर्थर कॅपकॉमचा. चाहत्यानं कितीही जीव ओतला तरी त्याला एक रुपया लावायची सोय नाही. उलट, २०१६ साली अशाच एका चाहत्यानं निन्टेन्डो कंपनीचा 'मेट्रॉइड टू' हा जुना गेम नव्यानं बनवला, तर निन्टेन्डोनं तो इंटरनेटवरून उतरवायला लावला. प्रेम करा, पण बेतानं.

आम्ही त्याला आर्थर कधी म्हटलंच नाही. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि हा शूर सरदार नुसत्या चड्डीवर पळत सुटतो. दुसरा बसला की हाडांचा ढीग. सोलापुरात अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार? अशोक चौकाच्या मागच्या एका बोळात अण्णांचं दुकान होतं. दोन टीव्ही, त्यांना जोडलेले गेमचे दोन डबे, गेमच्या कॅसेटी आणि अर्ध्या तासाला दोन रुपये. चिलखत गळालं की मागं ताटकळलेली अख्खी रांग एका सुरात ओरडायची, "चड्डीवर आला बे!" त्यात मराठी, तेलुगू, कानडी सगळ्या घरांतली पोरं असायची, पण हे वाक्य सगळ्यांना येत होतं.

त्याची उडी मोठी अडेल. एकदा पाय सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. उडी घेतल्यावर समोर मढं उगवलं की आपण नुसतं बघायचं. आजच्या गेममधले गडी हवेत दोनदा उड्या मारतात, वळतात, तरंगतात. मला वाटलं, नव्या बनावटीत ही उडी सुधारली असणार. पण नाही. त्या माणसानं रंग बदलले, थडग्यांवर शेवाळ चढवलं, उडी मात्र तीच ठेवली, दगडासारखी. लॅपटॉपचा पडदा लांबट, जुना टीव्ही चौकोनी. पडदा भरून चित्र दाखवलं तर भुतं लांबूनच दिसतील, म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्यात. हे मला फार आवडलं. मशालीचा वैतागसुद्धा त्यानं जपलाय. चांगला भाला हातात असताना चुकून मशाल उचलली गेली की ती फेकल्यावर जरा पुढं जाऊन जमिनीवर पडते आणि तिथंच जळत बसते. तोवर भूत अंगावर.

एवढं सगळं जुळलं, आणि तरी मला पहिल्यापासून काहीतरी परकं वाटत होतं. मग लक्षात आलं, संगीत. मूळ गेमच्या संगीतकार अयाको मोरी यांची ती धून ऐकून भाचा मान डोलवत होता. मला ती ओळखूच येईना. अण्णांच्या दुकानाची मागची भिंत एका कारखान्याची होती. तिकडं टॉवेलचे यंत्रमाग. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी ऐकू यायची ती खटक-खटक, खटक-खटक. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. आमचा चड्डीवाला त्या तालावर पळायचा. मीसुद्धा उडी त्याच तालावर मोजायचो. दोन खटक्यांच्या मधे बटण. माग थांबले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे चड्डीवालाही गेला, दोन रुपयांसकट. तेवढ्याच वेळी दुकानात शांतता असायची.

भाच्यानं मागच्या आठवड्यात शेवटच्या सैतानाला मारलं. मारल्यावर पडदा सांगतो की ही सगळी सैतानाची माया होती, आता पहिल्यापासून पुन्हा खेळा. मूळ गेममध्येही तसंच आहे. आमच्या गल्लीतला एक जण तिथवर पोचला होता. ते इंग्रजी आम्हाला कुणालाच वाचता आलं नाही. डबा बिघडला म्हणून आम्ही अण्णांकडं दोन रुपये परत मागितले. अण्णांनी डब्याला एक थापट मारली आणि म्हणाले, "चालू है ना? पुढचा ये रे."

मी लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि बटणं पकडली.

"मामा, आवाज का घालवलास?"

उत्तर देईपर्यंत चिलखत गळालं होतं.